पात्रं तिथेच असतात

[दृश्य: पेडणे तालुक्यातलं एक देऊळ. जत्रेची रात्र. पालखी नुकतीच आत गेली आहे.]

पालखी देवळात गेली की पटांगणातली गर्दी फुटते. निम्मी माणसं खाज्याच्या दुकानांकडे वळतात, निम्मी मांडवात जागा धरायला धावतात. सगळ्यांत पुढे पोरं. पेटीवाल्याने सूर धरलेला असतो, पखवाजावर थाप पडते, झांज वाजू लागते. गणपती येतो. रिद्धी-सिद्धी येतात. भटजी येतो. मोरावर बसून सरस्वती येते. पोरांची चुळबुळ काही थांबत नाही. कोणीतरी पाणी मागतं, कोणीतरी दुसऱ्याच्या चटईवर पाय ठेवतं. आणि मग कडेच्या काळोखातून आरोळी येते.

संकासूर आला!

अंगभर काळा पोशाख, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. हा कधी मंचावरून उडी मारून अंगावर येईल, याचा नेम नसतो. नेमकं त्यासाठीच तर पुढे बसायचं असतं. तो आला की किंचाळत आईच्या पदराआड जायचं, त्याने पाठ फिरवली की पुन्हा पुढे सरकायचं.

दशावतार म्हणजे आमच्या जत्रांत होणारं लोकनाट्य. त्यातल्या या पहिल्या भागाला आडदशावतार म्हणतात. खरं आख्यान अजून सुरू व्हायचं असतं. पण सहा-सात वर्षांच्या पोराला विचाराल तर नाटक हेच. संकासुराने वेद चोरलेत हे त्याला ठाऊक असतं, पण त्याची त्याला फारशी फिकीर नसते.

गोव्यातल्या पोरांच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. घरात आम्ही कोंकणी बोलतो. मंचावरचे देव बोलतात ते मराठीत, तेही पल्लेदार, भारदस्त मराठीत. संकासूर मात्र मालवणीत बोलतो. सूत्रधाराशी हुज्जत घालतो, थापा मारतो, उलट उत्तरं देतो. वेंगुर्ला-सावंतवाडीकडून आलेल्या मंडळींची मालवणी आमच्या पोरांच्या कानाला घरच्यासारखी वाटते. एवढ्या थोरामोठ्यांच्या गर्दीत एकटा तोच आपल्या माणसांसारखं बोलतो. मग पोर त्याला चिकटलं तर नवल काय!

थोड्या वेळाने विष्णू येतो. लढाई होते, संकासूर मरतो. तीच पोरं टाळ्या पिटतात. तो त्यांना आवडतो, आणि तो मेलेलाही आवडतो. यात काही विसंगत आहे, असं त्यांना वाटत नाही.

[दृश्य: पुढच्या रांगेतल्या मुलांचे चेहरे, मंचावरच्या उजेडात.]

लहान मुलं बरंवाईट कसं ठरवतात, हे स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे यांनी मुलांना गोष्टी सांगून तपासलं होतं. एक मुलगा दार उघडतो. दाराआड कपांचा ट्रे आहे हे त्याला माहीत नसतं. दाराच्या धक्क्याने १५ कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नसताना चोरून जॅम काढायला जातो आणि त्याच्या हातून एक कप फुटतो. जास्त वाईट कोण? धाकटी मुलं बहुतेक म्हणत, १५ कप फोडणारा. जरा मोठी झालेली मुलं मनात काय होतं ते विचारू लागत. पियाजेंचं हे पुस्तक १९३२ सालचं. पुढच्या संशोधकांनी दाखवलं, की प्रश्न सोपा करून विचारला तर बरीच लहान मुलंही हेतू ओळखतात. तरीही मांडवात बसलं की पियाजेंचं म्हणणं पटतं. पोर मोजतं ते झालेलं. कोणी उडी मारली, कोणी कोणाला पाडलं, केवढा आवाज झाला. पात्राच्या मनात काय चाललंय, हा प्रश्न त्याला अजून पडलेला नाही.

मोठी माणसं याला बालिश आवड म्हणतात. मला ते मान्य नाही. पात्राने काहीतरी केलं पाहिजे, नुसतं उभं राहून बोलू नये, ही त्या पोराची मागणी रोकडी आहे. २००८ पासून घराघरांत टीव्हीवर छोटा भीम आला. लाडू खाऊन दुष्टांना चोप देणारं ते पात्र पोरांनी उचलून धरलं, तेही याच मागणीपोटी.

[दृश्य: मांडवाचा मागचा भाग. खांबाला टेकून उभी असलेली मुलं.]

मग एक वर्ष असं येतं, की पोरगं पुढच्या रांगेत बसत नाही. खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभं राहतं. संकासूर आला की तोंड वळवून हसतं. आता त्याला कर्ण हवा असतो.

कर्णच का? अभिमन्यू चालतो, एकलव्यही चालतो. ज्याच्यावर अन्याय झाला, ज्याला कोणी ओळखलं नाही, ज्याच्या अंगी सगळ्यांपेक्षा जास्त होतं आणि तरीही ज्याला दारात उभं केलं गेलं, असा कोणीही. १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' कादंबरी आली. तेव्हापासून मराठी वाचणाऱ्या घरांत पंधराव्या-सोळाव्या वर्षी कर्णाची साथच येते. आमच्या डिचोलीत वर्गातली एकच प्रत हातोहात फिरत होती. कव्हर निघालं, मग त्यावर खाकी कागद चढला, मग तोही फाटला. प्रत्येकाला वाटायचं की ही गोष्ट आपल्यासाठीच लिहिली आहे. कवचकुंडलं आपलीच काढून घेतली आहेत.

योगायोग असा, की त्याच १९६७ साली अमेरिकेत डेव्हिड एलकाइंड या मानसशास्त्रज्ञाने किशोरवयावर एक लेख लिहिला. या वयात दोन गोष्टी होतात, असं त्याचं म्हणणं. एक, सगळं जग आपल्याकडेच पाहतंय असं वाटत राहतं. दुसरी, आपल्याला जे वाटतं ते आजवर कोणालाच वाटलेलं नाही, आपण इतरांहून वेगळे, अशी मुलाने मनाशी रचलेली स्वतःची एक दंतकथा असते. हे वाचलं की कर्णाची साथ कळते. पंधरा वर्षांच्या मुलाला आपली दंतकथा ठेवायला जागा हवी असते, आणि मराठीत ती जागा आयती तयार आहे.

मुलींचं थोडं निराळं होतं. आमच्या उत्सवी नाटकांत बाईचा पार्ट म्हणजे बहुधा सोसणं, आणि तेसुद्धा कित्येक वर्षं पुरुषांनी लुगडं नेसून केलेलं. त्यात १८८२ सालच्या 'सौभद्र'मधली सुभद्रा उठून दिसायची. थोरला भाऊ म्हणतो दुर्योधन, ही म्हणते अर्जुन, आणि शेवटी हिचंच खरं होतं. माझ्या वयाच्या मुलींना तेवढं पुरेसं होतं. अर्जुन कसा दिसतो, हे कोण पाहतंय!

पण कर्णापाशी जरा थांबू या. त्याच गोष्टीत एक जागा आहे, जी पंधराव्या वर्षी डोळ्यांखालून जाते आणि नजर तिथे ठरत नाही.

महाभारताच्या उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला एकट्याला गाठून सांगतो, की तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस. पांडवांत ये, राज्य तुझं. कर्ण नाही म्हणतो. दुर्योधनाचा स्नेह हे कारण आहेच. पण त्याआधी तो राधेबद्दल बोलतो. अधिरथ सूताने मला घरी नेलं आणि मायेने राधेला पान्हा फुटला. तिने माझं हगणंमुतणं काढलं. तिचं श्राद्धपिंड मी कसं तोडू?

ही राधा पाहा. नदीतून एक पेटी येते, पेटीत दुसऱ्याचं मूल. ते आपलं नाही हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्याची कवचकुंडलं तिला रोज दिसतात. न्हाऊ घालताना हाताला लागत असतील. हा कुठल्यातरी मोठ्या घरचा आहे आणि एक दिवस कोणीतरी येऊन याला मागेल, हे त्या बाईच्या मनात किती वेळा आलं असेल? आख्यानात तिला फार तर चार वाक्यं मिळतात, कधी ती मंचावर येतही नाही. पण स्वतः मूल वाढवल्यावर, रात्री उठून दुपटी बदलल्यावर, कर्णाच्या गोष्टीत मला तीच दिसू लागली. कर्ण अजून आवडतो. पण मी पाहते राधेकडे.

[दृश्य: फोंडा तालुक्यातलं एक गाव. उत्सवी नाटकाची तालीम. हातात जुनं, कडा कुरतडलेलं पुस्तक.]

माझ्या मते वाढत्या वयाबरोबर होतं ते हेच. आपण एक पात्र टाकून दुसरं घेतो असं म्हणतात, पण आपण बऱ्याचदा त्याच गोष्टीत राहतो. सरकते ती नजर, मधल्या माणसाकडून कडेच्या माणसाकडे. आणि हे पाहायला गोव्यासारखी जागा नाही. इथे गावोगावच्या देवळांत दर वर्षी उत्सव, उत्सवात मराठी नाटक, आणि नाटक पुष्कळदा तेच. 'एकच प्याला' असलं की शेजारचाच माणूस सुधाकर होतो, शाळेतले गुरुजी रामलाल होतात. एकच नाटक माणूस दहाव्या वर्षी पाहतो, पंचविसाव्या वर्षी पाहतो, पन्नाशीत पाहतो. तेही त्याच मांडवात.

हेच 'एकच प्याला' घ्या. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. त्यानंतर महिन्याभरात, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू झाले. लिहिणाऱ्याने ते पाहिलं नाही. शंभरावर वर्षं झाली, आपण मात्र अजून पाहतोय.

लहानपणी या नाटकात एकच माणूस असतो, तळीराम. तो आला की हशा. दारुड्यांचं त्याचं ते 'आर्यमदिरामंडळ', त्यातली भाषणं, तोल जाणं, टोपी पडणं. आमच्या गावात तळीराम करणाऱ्याला वर्षभर लोक तळीराम म्हणूनच हाक मारत.

कॉलेजच्या वयात तळीराम बाजूला पडतो आणि सुधाकर दिसू लागतो. हुशार वकील, मानी माणूस. कोर्टात मानभंग होतो, सनद काही काळ काढून घेतली जाते, त्या तिरमिरीत पहिला प्याला ओठाला लागतो. त्या वयात वाटतं, जगानेच याला ढकललं. कर्ण अजून उतरलेला नसतो.

मग सिंधू. तिच्याबद्दल मी बायकांशी पुष्कळ बोलले आहे, आणि सगळ्यांचं एक टप्प्यावर सारखंच होतं. तिचा राग येतो. वकिलाची बायको दळणं दळते, नवऱ्याविरुद्ध शब्द काढत नाही, आणि शेवटी मूल जातं, तीही जाते. विशी-तिशीतली बाई चिडते. अगं, ऊठ ना तिथून! आमच्या आयांनी तिच्यासाठी डोळे पुसले, आम्ही दात-ओठ खाल्ले. पुढे कधीतरी आपल्याच नात्यातली एखादी सिंधू जवळून पाहायला मिळते. ती उठून जाऊ शकत नाही, याला किती धागे असतात, हे कळतं. राग मावळत नाही, पण आता तो तिच्यावर राहत नाही.

आणि मग गीता. तळीरामाची बायको. फटकळ तोंडाची, नवऱ्याला सरळ ठणकावणारी. लहानपणी ती हसवणारी बाई म्हणून लक्षात राहते, बास. चाळिशीत ती एकदम मोठी होते. त्या सगळ्या नाटकात जे आहे त्याला त्याच्या नावाने हाक मारणारी हीच. सिंधू आणि गीता शेजारी उभ्या असतात तेव्हा मी आता दोघींना आलटून पालटून पाहते. तिशीतल्या गडकऱ्यांनी या दोघी एकाच अंकात समोरासमोर आणल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषांना विचाराल तर पुष्कळ जण रामलालचं नाव घेतील. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा नवल वाटलं होतं. रामलाल हा सुधाकराचा मित्र, शिकलेला, समजावणारा, लांबलचक बोलणारा. तरुणपणी त्याचं भाषण सुरू झालं की पोरं चहाला उठायची. पण या वयात प्रत्येकाचा एक तरी मित्र त्या वाटेने गेलेला असतो. आपल्याकडे दारू काही लांबून आणावी लागत नाही. मित्राला सांगून पाहिलेलं असतं, गाडीत घालून घरी सोडलेलं असतं, त्याच्या बायकोसमोर मान खाली घालून उभं राहिलेलं असतं. मग रामलालचं बोलणं लांबत नाही. ऐकणारा माणूस मनात त्याच्या पुढचं वाक्य बोलत असतो. शिवाय रामलाल काही संत नाही. सुधाकराची विधवा बहीण शरद, तिच्याकडे पाहताना त्याचं मन डळमळतं, आणि ते त्यालाही कळतं. समजावणाऱ्या माणसालाही स्वतःचं काही सांभाळायचं असतं, हे पंचविशीत कोणाच्या ध्यानात येतं?

[दृश्य: कांपाल, पणजी. मांडवीच्या काठावरची कला अकादमी.]

करणाऱ्यांचंही असंच सरकणं होतं. चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या या वास्तूतलं नाट्यगृह मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं आहे. मंगेशीच्या दीनानाथांनी 'भावबंधन'मध्ये लतिकेचा स्त्री-पार्ट केला, आणि 'मानापमान'मध्ये नायक धैर्यधराचा. गावच्या मंचावरही एकेकाळी सिंधू झालेले गृहस्थ पुढे रामलाल करतात. आणखी पुढे विंगेत पुस्तक घेऊन प्रॉम्प्टिंगला बसतात. तेव्हा त्यांच्या ओठांवर सगळीच पात्रं असतात.

आणि अगदी म्हातारपणी? तेव्हा आणखी खोल, आणखी दुःखी पात्रं आवडतात, असं मला वाटायचं. पाहते ते उलटंच. सत्तरीच्या पुढची कितीतरी माणसं सांगतात, रडारड पुरे, 'संशयकल्लोळ' लावा. सगळ्यांवर संशय घेत हिंडणारा तो फाल्गुनराव त्यांना मनापासून हसवतो. एवढं आयुष्य पाहून झाल्यावर संशय या गोष्टीची त्यांना गंमत वाटते. त्यांचं हसू पोरांच्या हसण्यापेक्षा मोठं असतं.

[दृश्य: मांडवातली रिकामी खुर्ची, बाजूला मोबाइलच्या उजेडात एक चेहरा.]

आता काळजीचं बोलते.

पूर्वी नाटक उजाडेपर्यंत चालायचं. आता ते आटोपशीर झालं आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आली. सरकार वर्षातले फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. आवाजाचा त्रास खरा आहे, आजारी माणसं, परीक्षेची मुलं घरोघरी असतात, त्यामुळे नियमाला मी दोष देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांना कामावर जायचं असतं, हेही आहेच. वेळ कमी म्हणजे कात्री आली. माझा प्रश्न एवढाच, की कात्री लागते कुठे?

दशावतारात ती आडदशावताराला लागते. संकासूर घाईघाईत येतो आणि जातो, कधी येतच नाही. संगीत नाटकात ती कडेच्या पात्रांना लागते. गीताचा प्रवेश उडतो, रामलालची भाषणं निम्मी होतात. राहतो तो नायक, त्याची पदं, त्याचा शेवट. म्हणजे राहतं ते सोळा ते तीस या वयाचं नाटक. सहा वर्षांच्या पोराचं पात्र गेलं आणि पन्नाशीच्या माणसाचंही गेलं.

यात आता मोबाइलची भर पडली आहे. तो प्रत्येकाला त्याच्या आवडीचं, त्याच्या वयाचं दाखवतो. आज जे पाहिलं त्यासारखंच उद्या. पोराच्या हातात पोराची पात्रं, आईच्या हातात आईची. एका घरात, एका सोफ्यावर. मांडवात मात्र सहा वर्षांचं पोर आणि सत्तर वर्षांची आजी एकाच तळीरामाकडे पाहत असतात. पोर त्याला हसत असतं. आजी हसते आणि मध्येच गप्प होते. पोराला ते शेजारून दिसतं. आजी का गप्प झाली, हे त्याला कळत नाही, पण या माणसात हसण्यापलीकडचं काहीतरी आहे, एवढं त्याच्याजवळ जमा होतं. वीस वर्षांनी तेच नाटक पाहताना ते उपयोगी पडतं. एकटं पाहणाऱ्याला हे कोण देणार?

म्हणून नाटक बसवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. दशावतार ठेवाल तेव्हा तो थोडा लवकर सुरू करा आणि आडदशावताराला त्याचा वेळ द्या. उत्सवाच्या तालमी सुरू होतील, पुस्तकावर पेन्सिल फिरेल, तेव्हा सुधाकराचं एखादं स्वगत निम्मं करा, चालेल. एखादं पद एका अंतऱ्यात आटपा, वन्स मोअर घेऊ नका. रामलालला बोलू द्या. आणि गीताच्या प्रवेशाला हात लावू नका. मागच्या रांगांत बसलेल्या कितीतरी बायका तिची वाट पाहत जागत असतात.